शेवटच्या राईडची रेघ

माणूस "येतो गं" म्हणून दाराबाहेर पडला आणि आला नाही.

आज वर्षश्राद्ध झालं. पानं वाढून झाली, गुरुजी गेले, आणि मी मोबाईल घेऊन बसले. एवढं मोठं कधी लिहिलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे हे रिटायर झाल्यावर सायकलवाले झाले. जुईनगरहून पहाटे निघायचे. कधी पाम बीच रोड, कधी पार उरणकडे. हँडलवर ते छोटं जीपीएसचं यंत्र.

ते घेतलं तेव्हा मी महिनाभर कुरकुरले होते. "रस्ता काय बदलतो का रोज?"

"रस्ता नाही गं, मी कुठे गेलो ते दिसतं."

"ते मला विचारा, मी सांगते. घर सोडून सगळीकडे."

त्यांना प्लास्टिकची बाटली हवी होती. मी घरातली स्टीलची दिली. आणि भांडीवाल्याकडून तिच्यावर नाव घालून घेतलं, घरातल्या प्रत्येक भांड्यावर आहे तसं. नाव, बिल्डिंग, सेक्टर, जुईनगर.

हे हसले. "मी हरवीन म्हणून का?"

"बाटली हरवेल म्हणून."

गेल्या वर्षी जासईच्या अलीकडे रस्त्यातच छातीत कळ आली. कोणीतरी टेम्पोत घालून हॉस्पिटलला नेलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

सायकल संध्याकाळी आमच्या पार्किंगमध्ये उभी होती. वॉचमन बोलला, एक माणूस ठेवून गेला. मला वाटलं, यांच्या ग्रुपमधलं कोणी असेल. त्या दिवशी सायकलचं कोण विचारतंय.

यंत्र मी देवघराखालच्या खणात ठेवलं. वर्षभर कोणाला हात लावू दिला नाही.

कारण मला एकच भीती. त्यात त्या शेवटच्या राईडच्या रस्त्याची रेघ असणार. रस्त्यात मध्येच तुटलेली. ती एकदा बघितली की आयुष्यभर तीच दिसत राहणार.

रोज दिवा लावताना देवाला एकच विचारायची. "येतो" म्हणणाऱ्या माणसाला तू परत का नाही पाठवलंस?

मागच्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "आई, सायकल गंजतेय. कोणाला तरी देऊया. पण आधी बाबांच्या राईड्स काढून ठेवते."

गंजतेय म्हटल्यावर मी तयार झाले. वस्तू वाया गेलेली मला बघवत नाही.

तिने यंत्राला वायर लावून लॅपटॉपला जोडलं. मी दहावी पास बाई, मला वाटलं नुसती एक रेघ येईल.

नकाशा आला. वरून काढलेला, विमानातून दिसतो तसा. खाडी, मिठागरं, डोंगर, आमची बिल्डिंग. काडेपेटीएवढी.

आणि त्यावर रेघा. नारिंगी. एकावर एक, एकावर एक. सगळ्या आमच्या दारातून निघालेल्या आणि आमच्या दारात परत आलेल्या.

मी दर वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळते ना, अगदी तसं. यांनी अख्ख्या नवी मुंबईला गुंडाळलं होतं.

मी नकळत हात जोडले. देवाला आपण वरून असेच दिसत असू का?

मुलीने विचारलं, "शेवटची उघडू?"

मी पदर तोंडाला लावला. म्हटलं, उघड.

रेघ घरातून निघाली. नेरूळ, बेलापूर, गव्हाण फाटा. जासईच्या अलीकडे थांबली. मी डोळे मिटले.

"आई. आई, बघ. पुढे आहे."

रेघ तुटली नव्हती.

रस्त्यावरून जरा बाजूला सरकली, एका टपरीपाशी दुपारपर्यंत थांबली. मग परत फिरली. गव्हाण फाटा, बेलापूर, नेरूळ. यंत्र कोणी बंदच केलं नव्हतं.

मुलीने वेग बघितला. "सायकल चालवत नाही आणली गं कोणी. हा चालणाऱ्या माणसाचा स्पीड आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या टपरीवर गेलो. चहावाले वयस्कर, तिथलेच गाववाले. मी यांचा फोटो दाखवला.

ते उठून उभे राहिले. "साहेब. रविवारचा पयला चाय यांचा."

टेम्पो त्यांनीच थांबवला होता. टेम्पोवाला परत येऊन म्हणाला, साहेब गेले. तेव्हा चहावाल्यांनी टपरी बंद केली, सायकलच्या बाटलीवरचा पत्ता वाचला आणि निघाले.

मुलगी म्हणाली, "काका, एवढं लांब चालत? बसून यायचं ना."

"बाय, मानूस त्याच सकाली गेलेला. त्याचे सायकलीवर मी कसा बसनार? धरून आनली. त्यांना आनल्यासारखी."

"मग वर का नाही आलात?"

"घरान रडारड. मी गेलो असतो त वाटला असता, चायचे पैसे मागाला आला."

मी त्यांच्या हातचा चहा घेतला. बाहेरचा चहा मी कधी घेत नाही.

निघताना ते म्हणाले, "साहेब बोलाचे, बायकोनं नाव घातलाय. हरवलो त घरा पोचवाल."

आज श्राद्धाला त्यांना बोलावलं होतं. यांच्या जागेवर त्यांचं पान मांडलं. जेवण झाल्यावर मी सायकल पुढे केली. म्हटलं, भाऊ, आता वर्ष सरलं, आता बसायला हरकत नाही.

ते आधी नको नको म्हणाले. मग सीटला हात लावून नमस्कार केला आणि बसले. गेटबाहेर जाताना मागे न बघता म्हणाले, "येतो, बाय."

बाटली मी ठेवून घेतली. देवघरात आहे, पाणी भरून.

अहो, तुम्ही "येतो" म्हणाला होतात.

आलात. दारापर्यंत आलात. मीच वर्षभर बघितलं नाही.

आता निवांत असा. नमस्कार करते.