चारचाकी दिसली की सायकल भंगारात!

आमच्या ग्रुपमध्ये सायकली चार आहेत. किस्से किती, ते मोजायचं मात्र आम्ही कधीच सोडून दिलंय. डांबरी रस्त्यानं माणूस नुसता पोचतो हो, सांगण्यासारखं काय घडतंय तिथं? मातीच्या रस्त्यानं एक रविवार हिंडून या, पुढचे सहा दिवस तोंड बंद राहत नाही. माझं तरी राहत नाही. एमआयडीसीत आमच्या डेअरीच्या लॅबमध्ये विचारा कुणालाही, वैतागलेत सगळे.

तर आम्ही चौघं. दुधाची फॅट तपासणारा मी, गुरांचे डॉक्टर, कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या कांबळे मॅडम आणि आमचे कॅप्टन तात्या. तात्यांनी जन्मभर बारामती-इंदापूर एसटी चालवली आणि रिटायर झाल्यावर हौसेनं जाड टायरची सायकल घेतली. पहिल्याच महिन्यात हमरस्त्यावर एका ट्रकचा आरसा हँडलला घासला आणि तात्या सायकलसकट कडेच्या चारीत! कोपर सोलपटलं, बाकी काही नाही. पण तात्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकींचं डोकं फिरलं.

"तुमी ष्टीवर व्हता तवर मला झोप न्हवती. आता रिटायर झालाय, आता मी झोपणार! ह्याम्होरं एक जरी चारचाकी आडवी आली, तर सायकल भंगारात!"

आणि काकी बोलल्या म्हणजे बोलल्या. तात्यांना सायकल नसली तर ते दिवसभर दारात खुर्ची टाकून जाणाऱ्या-येणाऱ्या ड्रायव्हरांच्या चुका काढत बसतात. महिनाभर आम्ही ते बघितलंय, बघवत नव्हतं. म्हणून हा ग्रुप. कालव्याच्या कडेचा रस्ता, वनखात्याच्या रानातल्या मुरमाच्या वाटा, टेकड्यांमागच्या पाणंदी... जिथं मोटार जात नाही, तिथं आम्ही जातो. डांबर आडवं आलंच तर सायकल हातात धरून चालत ओलांडायचं. लोकांना वाटतं आम्ही फिटनेससाठी फिरतो. कसला फिटनेस! आम्ही तात्यांची सायकल वाचवत फिरतो.

* * *

परत आलं की तपासणी असते. काकी आधी आम्हाला भाकरी-पिठलं वाढतात आणि मग उठून तात्यांच्या टायरवरून बोट फिरवतात. बोटाला मुरूम लागला तर पास. टायर काळं स्वच्छ निघालं, तर डांबरावरून आलात!

एका रविवारी कालव्याचं पाणी वाटेवर आलेलं. फूटभर पाण्यातून आलो आणि चारी सायकली धुऊन लख्ख! तात्यांना घाम फुटला. घराजवळ आल्यावर ते उतरले, कुठून तरी ओंजळीनं मुरूम आणला आणि दोन्ही टायरना अगदी हळद लावावी तसा चोळला. आम्हाला म्हणाले, "गप ऱ्हावा सगळी."

काकींनी बोट फिरवलं. बोटाकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "ह्यो शेजारच्या बांधकामावरचा हाय."

त्या दिवशी तात्यांना पिठलं दुसऱ्यांदा मिळालं नाही.

* * *

मोरगावकडच्या माळावर आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा सराट्यांची आम्हाला कल्पना नव्हती. चिंकारा दिसतात म्हणे! चिंकारा गेलं चुलीत, आम्हाला दिसले ते फक्त काटे. तासाभरात अकरा पंक्चर! पॅच संपले, सोल्यूशन संपलं, डॉक्टरांनी गुरांची चिकटपट्टी काढली, तीही संपली.

एक मेंढपाळ बाबा काठीवर हनुवटी टेकून हे सगळं बघत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी मी चिडून म्हटलं, "बाबा, तुम्ही रोज या काट्यांतून चालता, तुम्हाला टोचत नाही का?"

बाबांनी पाय वर करून चपलेचा तळ दाखवला. ट्रकच्या टायरचा, बोटभर जाड.

"आमी चपलंला टायर लावलाय. तुमी आता टायरला चप्पल लावा!"

* * *

डॉक्टरांचं दुखणं वेगळं. रविवारी तरी म्हैस नको, म्हणून ते सायकलवर येतात. आणि प्रत्येक वस्तीवर कुणीतरी त्यांना ओळखून गोठ्यात नेतं. एकदा ते हेल्मेट, गॉगल, नाकावर रुमाल असे आले. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, आज तुम्ही बँक लुटायला निघाल्यासारखे दिसताय."

एका वस्तीवरून आम्ही सुसाट पुढं निघालो, तर मागून हाक! "ओ डॉक्टर! गाय बघून जावा!"

डॉक्टर थांबले. रुमाल काढला आणि हात जोडले. "अहो, सगळं तोंड झाकलंय माझं. ओळखलंत कसं?"

शेतकरी म्हणाला, "तोंड कुठं बघितलंय आमी? बोलावलं की तुमची पाठच दिसती कायम!"

डॉक्टरांनी गाय बघितली. वासराला जंताचं औषधही देऊन आले.

* * *

माझाही एक सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकतो. पहाटे कालव्यावर बाटली भरायला थांबलो होतो. बाभळीमागं एक मोटारसायकल, तिला दुधाचे दोन कॅन, आणि मालक हातात तांब्या घेऊन पाण्याकडं वाकलेले. माझ्याकडं बघून तांब्या तसाच हवेत! मी दूध तपासतो, हे त्यांना ठाऊक. त्यांचं दूध रोज माझ्याकडंच येतं, हे मलाही ठाऊक.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काय न्हाय सायेब, कॅन धुतोय."

"भरलेला?"

"भायेरनं, सायेब!"

मला इतकं हसू आलं की रागवायचंच राहून गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दुधाची फॅट मात्र एकदम सुधारली.

* * *

कांबळे मॅडम भूगोलाच्या, त्यामुळं रस्ता शोधायचं काम त्यांचं. जुना नकाशा आणि मोबाईल दोन्ही घेऊन त्या पुढं. एकदा टेकडी उतरून त्यांच्या पाणंदीनं निघालो, तर पाणंद सरळ एका घराच्या दारात जाऊन संपली. ओट्यावर एक आजोबा बसलेले.

"आजोबा, नकाशात इथून रस्ता दाखवलाय," मॅडम म्हणाल्या.

"हाय की! बराबर हाय तुमचा नकाशा," आजोबा खूश झाले. "लई झ्याक रस्ता व्हता. मला आवडला, म्हणून तर हितं घर बांधलं."

वळसा घालायचा तर डांबर, आणि डांबरावर उसाच्या गाड्यांची रांग. तात्यांचा चेहरा उतरला. आजोबांना सगळी हकीकत सांगितली, काकींच्या अटीसकट. ते उठले, दोन्ही दारं सताड उघडली. पुढच्या दारातून मागचं शेत दिसायला लागलं. आम्ही चौघं सायकली घेऊन उंबऱ्यावर, आणि आजोबा मध्येच आडवे आले.

"सायकली आणा आतनं. पायातलं तेवढं भायेर काढा!"

* * *

आता शेवटचा. हा सांगताना तात्या समोर असले तर ते उठून जातात.

काकींचं माहेर बावडा. बारामतीपासून बावड्यापर्यंत एकही चारचाकी न भेटता जायचं, हे तात्यांचं स्वप्न. दोन महिने आम्ही तुकड्यातुकड्यानं रस्ता जोडला. काकी म्हणाल्या, "जावा. पर माझी अट ध्यानात ऱ्हाऊ द्या." आणि स्वतः आदल्या दिवशीच एसटीनं माहेरी गेल्या.

सकाळी सहाला निघालो. काय सांगू तुम्हाला, तसा दिवस पुन्हा मिळायचा नाही! वनखात्याच्या रानात गवत कमरेएवढं, कालवा तुडुंब, वाटेवर चिटपाखरू नाही. तात्या तर चक्क गात होते. बावडा जवळ आलं. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला खोल उसाचं रान, मधून जेमतेम बैलगाडीपुरती वाट. इथं कोण येतंय, असं म्हणता म्हणता समोरून धुरळा उठला.

जीप!

तात्यांनी ब्रेक मारला. "संपलं," एवढंच म्हणाले. मी सांगतो, साठी उलटलेल्या माणसाचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदा बघितले. मॅडमनी हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

जीप थांबली. दार उघडलं आणि उतरल्या कोण? काकी! मागून त्यांचा भाचा.

"रस्ता खरंच मोकळा हाय का, बघाय आले," काकी म्हणाल्या.

"मोकळाच व्हता! ही गाडी तूच आणलीस न्हवं?" तात्या.

"कुणी का आणंना. चारचाकी ती चारचाकी!"

डॉक्टर काहीतरी बोलायला गेले, काकींनी नुसतं बघितलं, डॉक्टर गवताकडं बघायला लागले.

तेवढ्यात भाचा रडकुंडीला आला. "आत्या, वळवायला जागा न्हाय. आन् मला एवढं लांब रिव्हर्स जमायचं न्हाय!"

तात्यांनी डोळे पुसले. सायकल स्टँडला लावली. "चावी दे हिकडं."

मग आम्ही बघितलं ड्रायव्हर काय असतो ते! एक हात स्टेअरिंगवर, मान मागं, जीप मागं मागं रेषेत. डॉक्टर मागं उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या!" भाचा शेजारी बसलेला, डोळे गच्च मिटून. थोडं अंतर गेल्यावर तात्यांनी सहज समोर काचेतून बघितलं आणि जीप कचकन थांबली.

समोरून काकी येत होत्या. सायकलवर! साडी वर खोचलेली, पदर कमरेला, दोन्ही हात हँडलवर ताठ. गुडघेदुखीमुळं तात्यांनी बुटक्या दांडीची सायकल घेतली होती, ते बरंच झालं. मी आणि मॅडम मागून नुसते बघत होतो. काकी डुगडुगत नव्हत्या, पाय टेकत नव्हत्या, खड्डा आला की सफाईनं बाजूनं काढत होत्या.

"आरं, ही सायकल चालवतीय?" तात्यांनी भाच्याला विचारलं.

भाच्यानं डोळे उघडले. "मला काय इचारता मामा? बायको तुमची हाय!"

"आवं, थांबला कशाला? चला मागं!" काकी ओरडल्या.

पुढचा सगळा कालवा असाच. जीप मागं चाललीय, काकी पुढं येतायत, आणि तात्यांना मागं बघावं की पुढं, हेच कळत नव्हतं. रुंद जागा आली. जीप वळली, तात्या उतरले, भाचा बावड्याकडं निघून गेला. काकी उतरल्या, पदरानं कपाळ टिपलं. तात्या त्यांच्याजवळ गेले.

"आगं... पस्तीस वर्सं झाली लग्नाला. कवा शिकलीस?"

काकींनी सायकल तात्यांच्या हातात दिली, साडी सारखी केली आणि म्हणाल्या,

"रस्ता बरा हाय. फुडच्या आईतवारी तेवढं शीट दोन बोटं खाली घ्या."