मामाजींची बोटभर जमीन

आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, हूं की चूं बोलले नाहीत. अर्धा जिल्हा गेला तरी स्वस्थ. पण कोंढ्याच्या शेतात आमच्या आणि शेजाऱ्याच्या धानामधला धुरा, तो सामाईक बांध, शेजाऱ्याने बोटभर कोरला की ते घर डोक्यावर घ्यायचे. मग स्वतःही आपल्या बाजूने कोरून यायचे. दोघांनी मिळून त्या धुऱ्याची पार काडी केली होती. पाणी कोणाच्याच धानात थांबत नव्हते.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका वर्षी माझा नवरा सीमेवर होता. तिकडे तोफा समोरासमोर, आणि इकडे फोन वाजला की मी देवाचे नाव घेऊनच उचलायची. अशात दोन्ही देशांची बोलणी सुरू झाल्याची बातमी आली. दोन्ही फौजांनी टेकडीवरून मागे यायचे आणि मधली जागा मोकळी सोडायची, असे चालले होते. गाडे अडले होते ते एवढ्यावरच, की आधी मागे कोणी सरकायचे. मला तर देव पावल्यासारखे झाले. मामाजी मात्र ताटावरूनच टीव्हीकडे बघून गरजले, "बोटभर जमीन नाई द्याची! पयले त्यायनं हटाव!"

माझे डोके फिरले. तोवर त्यांच्यापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता.

"मामाजी, त्या बोटभर जमिनीवर तुमचा पोरगा उभा हाय जी."

ते तसेच अर्ध्या जेवणातून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मी शिदोरी घेऊन शेतात गेले, तर मामाजी आणि शेजारी धुऱ्याच्या दोन बाजूंना फावडी घेऊन उभे. मला वाटले, पुन्हा कोरायला आले. पण भांडण वेगळेच होते.

"पयले तू धुऱ्यावर माती टाक."

"मी काहून? तू टाक!"

मला हसू आवरेना. "दोघंबी संगंच टाका ना जी," मी म्हटले. एकमेकांवर डोळा ठेवून दोघांनी एकदमच चिखल टाकला. संध्याकाळपर्यंत धुरा इतका रुंद झाला, की दोघे त्यावर शेजारी-शेजारी बसून बिडी ओढत होते. पुढे त्यावर दोन्ही घरांची मिळून तूर लावली.

धान निसवायला लागले, लोंब्या बाहेर दिसू लागल्या, तेव्हा नवऱ्याचा फोन आला. फौजा हटल्या होत्या. मी रडतच फोन मामाजींना दिला.

"पयले कोण हटलं?" त्यांनी विचारलेच.

"दोघंबी संगंच, बाबा. आम्ही लय मागं आलो."

मामाजी फोन दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "आखीन मागं ये, बापू. घरापावतर ये."