कादंबरीतल्या बाईसाठी आंघोळ

जुन्या पुस्तकाचा कुबट वास आला की पिंपरीतली आमची पत्र्याची खोली आठवते. एका सकाळी यजमान औषधांच्या नव्या कारखान्यात पाळीला गेले होते. मी एक जुनी, कुबट वासाची कादंबरी वाचत होते; वाचता वाचता तिच्यातली बाई बाळंतपणात गेली. मी ढसाढसा रडले, घरचं माणूस गेल्यासारखी डोक्यावरून आंघोळ केली, चूलही पेटवली नाही. दुपारी गावाहून भाऊ आला. माझे ओले केस आणि थंड चूल पाहून दारातच म्हणाला, “तुला आधीच कळलं व्हय?” मी अजून कादंबरीतच होते; म्हटलं, “हो, बाळंतपणात गेली.” “बाळंतपणात? अगं, आपली आई गेली!” मी पुन्हा आंघोळ केली. पाणी गार होतं, तेही कळलं नाही. रडू सकाळीच संपलं होतं. आजही त्या वासाने डोळे भरतात, पण कुणासाठी, ते सांगता येत नाही.