नावेचं इंजिन आणि पाव्हणे

लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं तेव्हाची गोष्ट. माझं माहेर पूर्णेवरच्या धरणाच्या काठाला. पाणी साठलं तसं गाव वर सरकलं, पण शेतं दोन्हीकडं राहिली आणि बाजाराचं गाव पलीकडं राहिलं. सडकेनं जायचं तर मोठा वळसा, आणि त्या काळात विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात एसटी कधी बंद पडेल याचा नेम नसायचा. म्हणून बाजाराच्या दिवशी आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, लाकडी नाव काठोकाठ भरून जायची. आधी ती वल्ह्यानं चालायची. मग माझ्या भावानं विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन उचलून तिच्यात बसवलं, मागं पाण्यात लोखंडी पंखा सोडला, आणि भाऊ गावात जरा छाती काढून चालायला लागला.

पण त्या इंजिनाला एक खोड लागली. रिकामी नाव एका सुरात जायची. बाजाराच्या दिवशी माणसं आणि पोती भरली, की मधल्या पाण्यात इंजिन आपोआप बोंब मारायचं, मग मऊ व्हायचं, मग पुन्हा बोंब. भाऊ वेगाची मूठ खाली ओढायचा, वर सोडायचा, इंजिन त्याला विचारतच नव्हतं. बायका पदर तोंडाला लावून देवाचं नाव घ्यायच्या. शेवटी भावानं सेलूला निरोप धाडला, "ताईला घिऊन या, अन् पाव्हण्यांनी अवजारं संगं आणावी."

पाव्हणे म्हणजे माझे मालक. सेलूला जिनिंगच्या गल्लीत ह्यांचं इंजिन-पंप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि हात चांगला होता. उंचीनं बेताचे, बाकी सगळं भरपूर. लग्नात घोड्यावर बसले तेव्हा घोड्यानं मान वळवून मागं पाहिलं, असं माझ्या मैत्रिणी सांगायच्या. मी काही पाहिलं नाही, माझी मान खाली होती.

आम्ही पोचलो तर मायनं पुरणाचा घाट घातलेला. जावई नावेत बसायच्या आधी जेवायला बसला. ह्यांनी नको म्हटलं की माय तुपाची वाटी घेऊन उभी. "तुमी काईच खाल्लं न्हाई," असं ती पाचव्या पोळीलाही म्हणाली. मग अवजारांची पिशवी घेऊन हे काठावर आले.

नाव खुंटीला बांधलेली होती. ह्यांनी काठावरूनच भावाला इंजिन सुरू करायला लावलं, डोळे मिटून आवाज ऐकला. एकदम सरळ आवाज. "हिला काई झालं न्हाई," हे म्हणाले.

"मधी पाण्यात गेल्यावर करतीया," भाऊ म्हणाला.

हे नावेत चढले. मागच्या बाजूला बसायला एक रुंद फळी होती, तिच्यावर ऐसपैस टेकले. भाऊ नेहमीसारखा त्यांच्या पाठीमागं उभा राहून सुकाणू धरून होता. तो काडीसारखा बारीक, त्याला बसायची गरजच वाटायची नाही. काठ सुटला आणि लगेच इंजिन असं ओरडलं की पाण्यावरचे बगळे उठले.

हे परत आले ते विचारात पडूनच. डिझेलची जाळी काढली, धुतली, नळीतली हवा काढली. भाऊ एकटाच एक चक्कर मारून आला, इंजिन शहाण्यासारखं वागलं. हे चढले, फळीवर बसले, इंजिन ओरडलं. मग ह्यांनी मला काठावर बसवून गव्हर्नर समजावून सांगितला. वजन वाढलं तर इंजिनाला डिझेल जास्त सोडायचं, कमी झालं तर आवळायचं, म्हणजे वेग एकसारखा राहतो, एवढंच त्याचं काम. त्याची स्प्रिंग ढिली पडली असणार. ह्यांनी स्प्रिंग बदलली. भाऊ एकटा गेला, इंजिन गुणी. हे बसले, पुन्हा तेच.

तोवर काठावर निम्मं गाव जमलं होतं, आणि जे काही दिसत होतं ते सगळ्यांनाच दिसत होतं. पण जावयाला कोण बोलणार? आबा बिडी ओढत पाण्याकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पाव्हणं, तुमी जरा काठावरच बसा की. लांबून आवाज लय चांगला कळतो."

"न्हाई आबा, जवळ बसल्याबिगर कळत न्हाई," असं म्हणून हे पुन्हा फळीवर.

घरी भाऊ चुलीपाशी येऊन हळूच मला म्हणाला, "ताई, एक सांगू का? राग मानू नको."

"मग सांगू नको," मी म्हणाले. मला सगळं कळत होतं, पण माझ्या नवऱ्याचं वजन भावाच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं पुन्हा तूप काढलं.

त्या दिवशी ह्यांनीच विषय काढला. काठावर सगळ्यांसमोर, अगदी सरळपणे म्हणाले, "रिकामी चालती, मी बसलो की बिघडती. म्हणजे गोष्ट वजनाची हाय. माझ्या जागी माझ्याइतकं वजन ठिवून बघू. आबा, तुमचा अंदाज पक्का. मी किती भरीन?"

आबांचा अंदाज खरंच पक्का होता. बाजारात काटा यायच्या आधी ते नजरेनं पोत्याचं वजन सांगायचे आणि व्यापारी मान डोलावायचे. त्यांनी जावयाकडं पाहिलं. मग आभाळाकडं पाहिलं. मग म्हणाले, "ज्वारीचं अर्धं पोतं... लय झालं."

"तेवढं बी भरायचे न्हाईत," मायनं काठावरून पुस्ती जोडली.

 भावानं अर्धं पोतं आणून फळीवर ठेवलं. इंजिन सुरू केलं. एका सुरात चाललं. नाव तशीच मधल्या पाण्यात नेऊन आणली, तरी एका सुरात.

ह्यांचा चेहरा पडला. "म्हणजे वजनाचा संबंधच न्हाई," हे म्हणाले, आणि इंजिनाचं टोपण पुन्हा उघडायला बसले. आता अख्खं इंजिन खोलायचं, पंप परभणीला न्यायचा, असं सगळं बोलायला लागले. भाऊ खाली बघत पाण्यात खडे टाकत होता. आबांनी नवी बिडी पेटवली. सभ्यपणात सगळा दिवस बुडणार हे मला दिसत होतं.

मी उठले आणि म्हणाले, "अर्ध्या पोत्यात भागत न्हाई. भरलेलं ठिवा."

 मायनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी जेवत्या पानावरून नवऱ्याला उठवलं होतं. ह्यांनी मान वर करून बघितलं, पाना हातात तसाच. मग म्हणाले, "ठिवा भरलेलं."

भाऊ एवढ्या चपळाईनं पोतं आणायला पळाला की त्याच्या मनात काय होतं ते सगळ्यांना कळलं. दोघांनी मिळून भरलेलं पोतं फळीवर टाकलं. नाव खुंटीलाच होती, मुठीला कुणाचा हात नव्हता, आणि इंजिन मोठ्यानं ओरडायला लागलं. पोतं जरा उचललं की मऊ, सोडलं की बोंब.

हे फळीखाली वाकले. वाकणं त्यांना सोपं नव्हतं, एक हात भावाच्या खांद्यावर ठेवावा लागला. बराच वेळ खालीच होते. मग हसल्याचा आवाज आला. भावानं मुठीपासून इंजिनापर्यंत सायकलच्या ब्रेकची तार नेली होती, ती नेमकी त्या फळीखालून. फळी पातळ. तिच्यावर जड काही आलं की ती लचकायची, तारेवर दाबायची, तार ताणली जायची आणि इंजिन आपोआप भडकायचं. लाटेनं फळी वरखाली झाली की वेगही वरखाली. बाजाराच्या दिवशी तिथं बायका गाठोडी घेऊन बसायच्या. गव्हर्नर बिचारा पहिल्यापासून ठीकच होता.

ह्यांनी तार काढून नावेच्या कडेनं लोखंडी आकड्यांमधून नेली, फळीखाली बाभळीचा एक ठोकळा बसवला, आणि वर स्वतः बसून दोनदा उड्या मारून पाहिलं. इंजिनाचा सूर हलला नाही. आबांनी बिडी विझवून पाण्यात टाकली आणि म्हणाले, "पाव्हण्यांचा हातच तसा हाय."

त्या रात्री हे दोनच पोळ्या खाऊन उठले. मायनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "झालं समाधान? चारचौघांत नवऱ्याला पोत्यासंगं मोजलंस. आता जेवायला बी नगं म्हणायलेत." मी जाऊन विचारलं तर हे म्हणाले, "राग कशाचा? जाळी धुतली, हवा काढली, स्प्रिंग बदलली, अन् बसलो होतो तिथंच खाली बघितलं न्हाई. त्याचंच डोक्यात चालू हाय." मी हे मायला सांगितलं, तिला काही पटलं नाही. ती तुपाची वाटी घेऊन पुन्हा ह्यांच्याकडं गेली.

आम्ही निघालो तो बाजाराचाच दिवस होता. नाव पोत्यांनी, कोंबड्यांनी, माणसांनी गच्च भरली होती. हे मुद्दाम मागच्या फळीवर बसले. एक म्हातारी शेजारी बसायला आली, ह्यांच्याकडं बघून जरा थबकली आणि पुढं जाऊन बसली. नाव पलीकडं लागेपर्यंत आवाज कुठंच बदलला नाही.

स्टँडकडं चालताना ह्यांनी अवजारांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "एक समजंना. आबांचा अंदाज एवढा चुकतो, मग ते बाजारात ज्वारी कशी इकतेत?"

"ज्वारी त्यांचा जावई न्हाई," मी म्हणाले.

हे भर रस्त्यात थांबून हसले, इतके की भाजी घेऊन बसलेल्या बायका बघायला लागल्या. सेलूची गाडी त्या दिवशी वेळेवर आली.