वीतभर वाढलेला खांब

तळं आटलं की तळाशी जायला होडी लागत नाही. एवढ्या शहाणपणावर मी सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, निघालो.

झाड हवेतून कार्बन घेतं. त्याचं पान तळ्यात पडून गाळात दबलं की त्या वर्षीच्या हवेचा नमुना जपला जातो. दर पावसाळ्याचा एक थर. थर मोजत खाली जायचं आणि त्या त्या वर्षी हवेत रेडिओकार्बन किती होतं ते काढायचं. माझा प्रबंध यावरच होता.

एसटीनं बेंबळी, पुढं दोन तास पायी. आता तिथवर गाडी जाते म्हणे. मुक्काम सोसायटीच्या गोदामात, खताच्या पोत्यांवर. भाडं नाही, झोपही नाही. जेवायला भाकरी आणि दुष्काळी कामावर वाटतात ती सुकडी.

तळ्यावर पोचलो तर कामावरच्या बायकांनी गाळ उपसून टाकलेला. माझी जुनी हवा शेतांत पसरली होती. मधे पुरुषभर उंचीचा मातीचा एकच खांब उभा. किती खोल खणलं ते मोजता यावं म्हणून असा खांब सोडतात आणि मजुरी त्यावर ठरते. मला हवे ते सगळे थर त्यात होते.

"हात लावू नगा, साहेब," टोळीच्या प्रमुख गयाबाई म्हणाल्या. "माप झालं की खांब तुमचा. न्या उचलून पुण्याला."

दोन दिवस शेजारी बसून थर मोजले. तिसऱ्या सकाळी वरून वीतभर खाली, वीसेक पावसाळ्यांपूर्वीच्या थरात, विडीचं ताजं थोटूक रुतलेलं दिसलं. मी गयाबाईंकडं पाहिलं.

"वरची माती आमीच चढवलीय," त्या हळूच म्हणाल्या. "खाली लई कडक लागलं. हात सोलले, पन माप भरंना. आठ घरच्या चुली हायत, साहेब."

तेवढ्यात ओव्हरसियर टेप घेऊन आले. "तुम्ही शिकलेले. खांब अस्सल आहे ना?"

"थर मोजलेत मी. अस्सल आहे."

भीती वाटली. लाज नंतर वाटेल असं धरून चाललो होतो, ती काही आली नाही. खांबाचे तुकडे बायकांनीच डोक्यावरून एसटीपर्यंत आणले. कंडक्टरनं खांबाचं हाफ तिकीट फाडलं.

पुण्यात खालचे थर नीट लागले. वरची वीत मी वगळली आणि शेरा लिहिला: मानवी हस्तक्षेप. तोंडी परीक्षेत प्रश्न आलाच, "कुणाचा?"

खरं सांगितलं असतं तर ते तिकडच्या कचेरीत पोचायला वेळ लागला नसता.

"माझा," मी म्हणालो. "वरची माती मीच चढवली."

पदवी वर्षभर लांबली. आठ घरांची मजुरी मात्र कुणी परत मागितली नाही.