अम्माचं काम यादीत नव्हतं

"बाई, हात टेबलावरून काढा. तंबाखूचा वास येतोय."

ऑफिसातले साहेब अम्माला म्हणाले. चारचौघांसमोर. अम्माची बोटं टेबलाच्या कडेवर होती. पिवळी पडलेली, दोऱ्याने चिरलेली. तिने हात उचलायच्या आत मीच तिचं मनगट धरून खाली ओढलं. हो, मीच. सतरा वर्षांची होते आणि मला त्या हातांची लाज वाटली.

सोलापुरात आमच्या गल्लीत घरोघरी बायका विड्या वळायच्या. अम्माही मांडीवर सूप घेऊन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसायची. ते ऑफिस एका संस्थेचं होतं, तिथे कष्टकरी बायकांच्या मुलींना कॉम्प्युटर फुकट शिकवत. जागा मिळाली नाही तर मीही सूप घेऊन बसणार, हे घरात ठरलेलं होतं.

साहेबांनी कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममध्ये आईच्या व्यवसायाची यादी उघडली. नोकरी, शेती, दुकान, शिवणकाम, गृहिणी. साहेबांनी 'विडी' टाइप केलं. लाल अक्षरं आली, 'अवैध नोंद. यादीतून निवडा.' टाइप केलेला शब्द आपोआप पुसला गेला. साहेबांनी सरळ 'गृहिणी' दाबलं.

अम्मा म्हणाली, "सायेब, दिवसभर विड्या वळती की मी."

"यादीत नाही तर मी काय करू? कॉम्प्युटर घेत नाही."

कष्टकरी आईची मुलगी नाही म्हणून माझा अर्ज बाद झाला. कामाचा वास साहेबांच्या नाकापर्यंत पोचला होता. तरी बाद.

येताना रिक्षात अम्माने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. म्हणाली, "तू हात वडलीस ते बरं केलीस."

दोन वर्षं तिच्या शेजारी बसून विड्या वळल्या. मग एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करत करत कॉम्प्युटरवर फॉर्म बनवायला शिकले. अम्मा ते बघायला राहिली नाही. खोकला तिला घेऊन गेला.

आता मी एका कंपनीत फॉर्मच बनवते. गेल्या आठवड्यात महिला कामगारांच्या नोंदणीचं काम आलं. सर म्हणाले, "यादीबाहेरचं काही टाकलं की एरर दाखव आणि रकाना रिकामा कर. डेटा स्वच्छ पाहिजे."

मी कीबोर्डवरून हात काढले.

"पुसणार नाही, सर. बाईने लिहिलेला शब्द तसाच ठेवू. कुणीतरी वाचेल, खरा असला तर यादीत घालू."

"कचरा साठेल नुसता."

"कचरा नाही, सर. बायकांची कामं आहेत ती."

"तुला जमत नसेल तर दुसऱ्याला देतो."

"द्या. माझ्या हातून पुसलं जाणार नाही."

अम्माला आता याचा काही उपयोग नाही. तिचा हात मी खाली ओढला तो ओढलाच. रोज आठवतो, रोज रडू येतं.

फॉर्म अजून माझ्याकडे आहे. यादीत सगळ्यात वर मी 'विडी वळणे' घातलंय. ते काढायचं असेल तर आधी मला काढावं लागेल.