डायलिसिसच्या तिसऱ्या तासाला

"क्रॉनिक किडनी डिसीज," डॉक्टर म्हणाले. म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू निकामी होणं. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त गाळून घेणं. मी पेठ वडगावची, दारात चार म्हशी. "किती दिवस?" मी विचारलं. "कायम." बाहेर येऊन मी नवऱ्यावरच खेकसले, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

कोल्हापुरातल्या त्या हॉलमध्ये सकाळी आठला सुई लागायची. तिसऱ्या तासाला हातपाय गार पडायचे, आजूबाजूचे आवाज बंद व्हायचे आणि पायाशी कुणीतरी उभं राहायचं. चेहरा दिसायचा नाही. नुसतं वाट बघत उभं. सिस्टर धावत येऊन माझे पाय उंच करायची, मग ते नसायचं.

"याला हायपोटेन्शन म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "बीपी एकदम खाली येतं, मेंदूला रक्त कमी पडतं, भास होतात." पटलं. तरी दर खेपेला ते एक पाऊल जवळ असायचं. मी मनाशी ठरवलं, बास झालं, सोमवारपासून यायचं नाही. घरी कुणाला बोलले नाही.

शेजारच्या खाटेवर आप्पा असायचे, मूळचे मलकापूरकडचे. साखरेच्या आजारानं दोन्ही डोळे गेलेले. पुतण्या त्यांना दारात सोडून शिरोलीला कामावर जायचा. त्या शुक्रवारी ते हळूच म्हणाले, "अक्का, तुमच्या पायाशी कोन उभं हाय?"

"तुमाला कुठं दिसतंय आप्पा?"

"दिसत न्हाई. पर हाय की."

मी पाय पोटाशी ओढून घेतले.

सोमवारी मी गेले. पायाशी उभं राहणाऱ्या त्या कुणाबरोबर आप्पांना एकटं सोडवेना. आप्पा धापा टाकत आले. रविवारी तीन वाट्या पांढरा रस्सा प्यालेले. आम्हाला पाणी मोजूनच प्यावं लागतं, कारण ते शरीरातून बाहेर पडत नाही.

"रस्सा म्हंजे पानी न्हवं की," आप्पा म्हणाले.

मी त्यांना तिथंच फैलावर घेतलं. तेव्हापासून रोज जेवणाच्या वेळी फोन करून त्यांच्या वाट्या मोजायला लागले. त्यांना दरडावून झाल्यावर स्वतः ताकाचा तांब्या तोंडाला लावायची लाज वाटायची.

दोन महिन्यांनी डॉक्टर तक्ता बघत म्हणाले, "मावशी, दोन खेपांच्या मधल्या दिवसांत तुमचं वजन फारसं वाढत नाही. पाणी कमी काढावं लागतं, म्हणून बीपी टिकतंय. काय केलंत?" मी काही केलं नव्हतं, फक्त आप्पांच्या मागं लागले होते. भूक परत आली होती, झोप लागत होती. पायाशीही कुणी नसायचं.

मग एका बुधवारी आप्पा अगदी शांतपणे म्हणाले, "अक्का, आज ते माज्याकडं आलंय."

मी मान वळवली. त्यांच्या पायाशी चादर कुणीतरी मुठीत धरल्यासारखी ओढलेली होती. मी सिस्टरला अशी हाक मारली की सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. आप्पांचं बीपी मशीनवर लागतच नव्हतं. पाय उंच केले, सलाईन चढवलं. माझ्या मोकळ्या हातात त्यांचा हात होता. बऱ्याच वेळानं तो पुन्हा ऊबदार लागला.

ते कोण होतं, मला अजून ठाऊक नाही. माझ्या पायाशी होतं तेव्हा मी निमूट पडून राहायची. त्यानं बोलावलं असतं तर गेलेही असते. तुम्ही कधी अशा खाटेवर असाल, तर शेजारच्याचं नाव विचारा. जगायचा हट्ट मला स्वतःसाठी कधी धरता आला नाही. आप्पांसाठी धरला, आणि त्यात मीही वाचले.